घाटात न्यूट्रल टाकू नये

उतेकर नानांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते फोनवर बोलताहेत असं मला वाटलं. बॉयलर हाऊसमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक उंच, वाळका माणूस उभा होता. मान एका अंगाला कललेली, डोळे मिटलेले आणि उजव्या गालाशी काहीतरी धरलेलं. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या औषधांच्या कारखान्यात मी त्याच सकाळी युटिलिटी इंजिनीअर म्हणून रुजू झाले होते. म्हणजे वाफ, पाणी, हवा आणि या तिन्हींवरून होणारी भांडणं माझ्या ताब्यात. पहिल्याच दिवशी कुणाचं बोलणं तोडायला नको म्हणून मी सभ्यपणे दाराशी थांबले. दोनतीन मिनिटं गेली तरी हा माणूस नुसता ऐकतच होता. पलीकडे बायको असणार, असं मी मनाशी ठरवलं. मग तो जरा वळला आणि मला दिसलं की त्याच्या गालाशी फोन नव्हता, हातभर लांबीचं जळाऊ लाकूड होतं.

मी खाकरले. त्यांनी डोळे न उघडता दुसरा हात वर केला.

"थांब गो बाय. रडतोय का हसतोय ते बघतोय."

तेव्हा बॉयलर दगडी कोळशावर चाले आणि लाकूड लागे ते नुसतं भट्टी पेटवायला, पण बॉयलर सांभाळणाऱ्या नानांच्या शास्त्रात त्याच्याही दोन जाती होत्या, रडकं आणि हसरं. आत पाणी राहिलेलं लाकूड भट्टीत टाकलं की दोन्ही टोकांनी फेस काढत सूं सूं रडत बसतं. स्वतः जळत नाही आणि शेजारच्यालाही धड जळू देत नाही. वाळलेलं लाकूड तडतड हसत पेटतं. हे भट्टीत घालण्याआधी कळावं म्हणून ते लाकूड गालाला लावीत. गार लागलं की रडकं. "हाताला कळत नाय बाय," ते म्हणाले, "हाताला घट्टे पडले. एक गाल तेवढा कोवळा राहिलाय." त्या गालावर तीन दिवसांची पांढरी दाढी होती, पण पहिल्या दिवशी वाद नको म्हणून मी गप्प राहिले.

हीच विभागणी ते माणसांनाही लावीत. कँटीनचा आचारी हसरा, टाइम ऑफिसचा कारकून रडका. प्रॉडक्शनचे मुख्य दाते साहेब हे नानांच्या मते उत्तम प्रतीचं लाकूड होतं, पण पावसात राहिलेलं. माझ्याबद्दल त्यांनी आठवडाभर निकाल राखून ठेवला आणि मग चहा पिता पिता सांगितलं, "तू हसरी हायस. साल जरा जाड हाय." कारखान्यात सगळे मला मॅडम म्हणत, नाना एकटे बाय म्हणत. मी एकदोनदा कपाळाला आठ्या घालून पाहिल्या. त्यांना वाटलं माझं डोकं दुखतंय, आणि ते माझ्यासाठी आल्याचा चहा घेऊन आले. तेव्हापासून मी बायच झाले.

नाना पोलादपूरच्या वरच्या अंगाचे. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून आत गेलं की त्यांची वाडी. पंधरावीस घरं, आणि घरांच्या डोक्यावर ऐन-किंजळीने भरलेला उभा डोंगर. पावसाळ्यात ते महाडला खोली घेऊन राहत आणि रोज सकाळी पाळी सुरू होण्याआधी घरी फोन करीत. त्या फोनात खुशाली, जेवणखाण, काहीही नसे. "डोंगर हाय ना जागेवर?" एवढंच विचारीत. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकींनी, तिकडून 'हाय' म्हटलं की "मग झालं," म्हणून फोन खिशात, आणि नजर बॉयलरच्या प्रेशरच्या काट्यावर. मी एकदा थट्टेने म्हटलं, "नाना, डोंगर कुठे जाणार आहे?" ते हसले नाहीत. डोंगर कुठे जातो हे पावसाळ्यात दरडी कोसळणाऱ्या आमच्या भागात विचारू नये, एवढं माझ्यासारख्या महाडच्याच मुलीला कळायला हवं होतं.

मी आले त्याच वर्षी मुंबईच्या हेड ऑफिसातून पत्र आलं की बॉयलरमधला दगडी कोळसा बंद करून लाकूड जाळायचं. पत्रात 'कार्बन न्यूट्रल' हा शब्द तीनदा होता आणि दोनदा ठळक होता. सगळ्यांनी कपाळाला हात लावला, नाना मात्र खुलले. "वीस वर्सं दगड जाळला," ते म्हणाले. "दगडाला ना वास, ना जात. लाकडाला निदान नाव तरी असतं." शिवाय कोळशाने काळे झालेले सदरे धुवायला काकींनी केव्हाच नकार दिलेला होता, आणि नाना ते पंधरा दिवसांनी सावित्री नदीवर नेऊन स्वतः आपटत. दाते साहेबांनी पत्र वाचून माझ्याकडे असं पाहिलं की जणू लाकडं मीच घरून आणली आहेत. "महाडच्या पावसात लाकूड?" ते म्हणाले. "एक पावसाळा बघेन. माझी वाफ तीनदा कमी पडली की कोळसा परत." त्यांचंही चुकत नव्हतं. वाफ कमी पडली की त्यांचा औषधाचा अख्खा घाणा नासत असे.

मी लगेच ओलावा मोजायचं यंत्र मागवलं. दोन टाचण्या लाकडात खुपसायच्या, आकडा वाचायचा. नानांनी ते यंत्र आधी गालाला लावून पाहिलं. मग आमची जाहीर परीक्षा झाली. दहा ओंडके, एकीकडे माझं यंत्र, दुसरीकडे नानांचा गाल, आणि सगळी पाळी प्रेक्षक. नऊ ओंडक्यांवर दोघांचं एकमत झालं. दहाव्याला यंत्राने कोरडा म्हटलं. नाना म्हणाले, "हा लोकांदेखत रडत नाय, आत रडतो." ओंडका मधोमध फोडला तर गाभा ओलाकच्च निघाला. यंत्राच्या टाचण्या बोटभरही आत जात नव्हत्या. मी इंजिनीअर असले तरी डोळ्यांदेखतचं नाकारण्याइतकी शिकलेली नाही, म्हणून रजिस्टरमध्ये यंत्राच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत 'गाल' लिहिलं. पुढे तपासणीला आलेल्या ऑडिटरने तो रकाना पाहून बराच वेळ डोकं खाजवलं आणि विचारलं, लाकूड गॅलनमध्ये का मोजता? नानांनीच खुलासा केला. ऑडिटरच्या गालाला एक ओंडका लावून.

भट्टीच्या उद्घाटनाला हेड ऑफिसच्या पर्यावरण विभागातल्या एक तरुण बाई आल्या. बाई हुशार होत्या आणि मनापासून बोलत होत्या. झाड वाढताना हवेतला जेवढा कार्बन घेतं तेवढाच जळताना सोडतं, म्हणून लाकूड कार्बन न्यूट्रल, असं त्यांनी पडद्यावर बाण दाखवून समजावलं. शेवटच्या रांगेतून नानांचा हात वर गेला.

"म्याडम, न्यूट्रल म्हंजे घाट उतरताना टाकतात तेच ना?"

बाईंना कळेना. नानांनी उभं राहून सांगितलं. तरुणपणी ते ट्रकवर क्लीनर होते. ड्रायव्हर डिझेल वाचवायला आंबेनळीत गाडी न्यूट्रलवर सोडायचा. एका वळणावर ब्रेकने मान टाकली. "ट्रक डोंगराकडच्या गटारात, ड्रायव्हर करवंदीत, आन मी बटाट्यावर. बटाटे तेवढे आमच्याआधी पोलादपुरात पोचले." सगळे हसले. नाना हसणं ओसरेपर्यंत थांबले. "तर म्याडम, चाळीस वर्सांचा ऐन माझी भट्टी चहा होईस्तोवर खाते. तुम्ही नवा लावलात तरी तो चाळीशीचा होईस्तोवर गाडी न्यूट्रलवरच. मधल्या वर्सांत ब्रेक कोणाच्या पायाखाली?"

बाईंनी "व्हेरी इंटरेस्टिंग" म्हटलं आणि वहीत लिहून घेतलं. टाळ्या झाल्या. नानांना शोभेचं एक रोप कुंडीसकट भेट मिळालं. त्यांनी पान गालाला लावलं आणि मला हळूच म्हणाले, "रडकं." प्रश्नाचं उत्तर मात्र कुणी दिलं नाही. 'न्यूट्रल' हा शब्द तेवढा कारखान्यात मुरला. मग फाइल न्यूट्रलवर पडू लागली, माणसं न्यूट्रलवर बसू लागली, आणि दाते साहेब रजेवर गेले की सगळं प्रॉडक्शनच न्यूट्रलवर आहे असं लोक म्हणत.

पावसाळ्यासाठी नानांनी लाकडाची उडवी रचली. भाताचे भारे खळ्यात जसे गोल, निमुळते रचतात तशीच, पण बॉयलरच्या गरम भिंतीला लागून, आतून वारा खेळेल अशी. मी नकाशा काढून दिला होता. त्यावर त्यांनी चहाचे पेले ठेवले. लाकडावर पहिली पूर्ण पाळी चालवायच्या दिवशी नारळ घेऊन त्यांनी भट्टीपुढे रीतसर गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आज ह्या भट्टीला लाकडाचा निवेद दाखवलाय. काय वल्लंसुकं आसंल ते गोड मानून घे. काटा साडेधाच्या खाली येव देव नको. आन दाते सायबांच्या डोक्यातला कोळसा तेवढा काढून टाक म्हाराजा." सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणाले. त्या सुरात एक शहरी आवाज होता. मी मागे वळून पाहिलं तर दाते साहेब सवयीने हात जोडून उभे होते, आणि आपण कशाला होकार भरला हे त्यांच्या हळूहळू लक्षात येत होतं.

तो पावसाळा वाफ एकदाही कमी पडली नाही. हेड ऑफिस खूश झालं. दुसराही बॉयलर लाकडावर न्यायचं ठरलं, लाकडाची मागणी दुप्पट झाली, आणि त्या मागणीच्या कागदावर युटिलिटी इंजिनीअर म्हणून मी झोकात सही केली. सही करताना लाकूड येतं कुठून, हा प्रश्न मला पडला नाही. कंत्राटदाराच्या ट्रकमधून येतं, एवढं मला माहीत होतं.

पौषातल्या एका सकाळी शेडमध्ये नवा ट्रक उतरला. नाना नेहमीप्रमाणे वरचा ओंडका उचलायला गेले, गालाला लावला, आणि तसेच उभे राहिले. मी हाक मारली तरी त्यांनी हात वर केला नाही. मग त्यांनी ओंडका खाली ठेवला, त्यावरून बोटं फिरवली आणि त्याच्यावर बसले.

"नाना, रडका आहे का?"

"हा आमचा हाय," ते म्हणाले.

ऐनाच्या त्या ओंडक्यावर वीतवीतभर अंतराने जुन्या छाटणीच्या गाठी होत्या. आमच्याकडे भाताचं रोप टाकण्याआधी जमीन भाजतात, तो राब. त्यासाठी ऐन-किंजळीच्या फांद्या छाटून आणतात, ती कवळ. झाड तोडत नाहीत, नुसत्या फांद्या. दोनतीन वर्षांत ती पुन्हा भरतात. "हे कोयत्याचे वार बघ," नाना म्हणाले. "सगळ्यांचे असे तिरके पडतात, ह्याचे उलटे. माझा बाप डावरा होता. अख्ख्या खोऱ्यात डाव्या हाताने कवळ तोडणारा तो एकटा." वाडीवर फोन केला तेव्हा कळलं की धाकटा भाऊ सदा याने डोंगराचा आपला पट्टा कंत्राटदाराला दिला होता, आणि बाकीचे भाऊबंदही द्यायला तयार होते. पायवाटेकडची दहाबारा झाडं गेली होती. सोमवारपासून घरांच्या डोक्यावरची तुटायची होती.

"ऐनाच्या मुळ्यांनी धरलाय तो डोंगर," नाना म्हणाले. "मुळ्या सुटल्या की पहिल्याच मोठ्या पावसात घरात येतो तो. आन त्याला मीच बोलावलंय, बाय. लाकडावर भट्टी चालती हे मीच दाखवलं." मागणीच्या कागदावरची सही त्यांची नव्हती, माझी होती. मी तसं म्हटलं. ते म्हणाले, "तुझी सही, माझा गाल. दोघंबी न्यूट्रलवर बसलोव."

तेवढ्यात दाते साहेबांचा फोन आला की नवा माल का चढत नाही. मी सांगितलं की नाना त्याच्यावर बसलेत. "मग त्यांना उठवा." "ते उठत नाहीत." "मग त्यांच्यासकट..." इथे साहेब थांबले, कारण ते मुळात भले गृहस्थ होते. स्वतःच शेडमध्ये आले. नानांनी उठून नमस्कार केला आणि लगेच परत बसले. "सायब, काटा मी पडू देणार नाय, जुनी उडवी भरपूर हाय. हा ट्रक तेवढा माघारी जाईल. आन रविवारी तुम्ही आमच्या वाडीवर जेवायला या. गावठी कोंबडी हाय." दाते साहेबांच्या घरी कोंबडी चालत नसे, त्यामुळे बाहेर ते ती फार मन लावून खात. त्यांनी ट्रककडे पाहिलं, नानांकडे पाहिलं आणि रविवारी किती वाजता यायचं ते विचारलं.

रविवारी आम्ही साहेबांच्या गाडीतून गेलो. त्या ओंडक्यातला डाव्या वाराच्या गाठींचा तुकडा नानांनी कापून बरोबर घेतला होता आणि साहेबांच्या सीटला साल लागू नये म्हणून तो पोलादपूर ओलांडून घाटापर्यंत माझ्या मांडीवर होता. घाट सुरू होण्याच्या जरा आधी रस्त्याकडेला पाटी लागली: 'उतारावर गाडी न्यूट्रल करू नये.' नानांनी ती साहेबांना मोठ्याने वाचून दाखवली. साहेब म्हणाले, "आपण चढतोय, नाना." नाना म्हणाले, "उतरायचंच हाय की."

वाडीच्या देवळात सगळी भावकी जमली होती. सदा उतेकर मुंबईत बरीच वर्षं रिक्षा चालवून परत आलेला. बोलण्यात अजून मीटर चालू असल्यासारखी घाई. "नाना, टेन्शन कशाला घेतोस?" तो म्हणाला. "पार्टी चांगली हाय. लाकूड जातंय कुठं? तुझ्याच कंपनीत ना? तूच मागवतोस, तूच अडवतोस. काय समजायचं लोकांनी?" लोक हसले. खरं म्हणजे त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, तो बरोबरच बोलत होता. नाना नुसते उठले, माझ्या मांडीवरचा तो तुकडा घेतला आणि सदाच्या हातात दिला.

"बापाचा हात वळखतोस ना?"

सदाने तो तुकडा फिरवून पाहिला. उलट्या वारांवर अंगठा ठेवला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "पण मग करायचं काय? राब कोण करतंय आता? अर्धी शेतं पडून हायेत. झाडं नुसती वाढतायत."

"तेच इक," नाना म्हणाले. "कवळ इक. धा वर्सांत कोयता लागला नाय, फांद्यांनी वाकलीत झाडं. फांद्या दे, झाड राहू दे."

"फांद्या कोण घेतंय? कंपनीला ओंडके पायजेत."

आणि मला एकदम आठवलं. लाकडाचे बारीक तुकडे करणारं एक यंत्र हेड ऑफिसने पहिल्याच वर्षी पाठवलं होतं. कंत्राटदार तयार ओंडके आणतो म्हणून ते निळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून भंगाराच्या कोपऱ्यात उभं होतं, आणि आम्ही सगळे त्यावर सायकली टेकवत होतो. मनगटाएवढ्या फांद्या त्याने सहज खाल्ल्या असत्या. मी म्हटलं, "नाना, ते निळं प्लास्टिक..."

"कवापास्नं वाट बघतोय," नाना म्हणाले, "बाय कवा बोलते."

आता सगळे दाते साहेबांकडे बघू लागले. तिथल्या देवाला कोंबडी चालत असे, म्हणून जेवणही देवळातच होतं. साहेबांना पहिल्या पंगतीला बसवलं होतं आणि त्यांच्या हातात तंगडी होती. फांद्या घ्यायच्या, यंत्र सुरू करायचं, कंत्राटदाराला या डोंगरापुरतं नाही म्हणायचं, हे सगळं त्यांच्या होकारावर होतं. हेड ऑफिस त्यांचं ऐकत असे, माझं ऐकून घेत असे. साहेबांनी घास गिळला आणि अधिकारी माणूस म्हणतो तेच म्हटलं.

"बघू."

नाना पानापुढे उकिडवे बसले आणि अगदी आर्जवाने म्हणाले, "सायब, 'बघू' म्हंजे न्यूट्रल. गेर टाका."

दाते साहेबांनी तंगडीकडे पाहिलं. वर, देवळाच्या दारातून दिसणाऱ्या डोंगराकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यातला कोळसा त्या क्षणी निघाला असावा, कारण ते म्हणाले, "बरं, टाकला." काकींनी त्यांच्या पानात आणखी एक तंगडी वाढली. सदाने तिथूनच कंत्राटदाराला फोन लावला. "काय सांगू त्याला?" त्याने विचारलं. नाना म्हणाले, "सांग, बाप आडवा आला."

त्या दुपारी निवृत्तीला आलेले नाना धोतर खोचून ऐनावर चढले, कारण वाडीतल्या पोरांना कवळ कशी तोडतात हे कुणाला आठवत नव्हतं. दाते साहेब खालून "सांभाळून, सांभाळून" म्हणत झाडाभोवती फिरत होते. नानांनी खालपासून फांद्या उतरवत नेल्या आणि वरचा झुपका तसाच ठेवला. "शेंडा राखायचा," ते वरून ओरडून सांगत होते. "शेंडा असला की झाडाला वाटतं, अजून सगळं आपलंच हाय. मग ते जोमानं फुटतं." पुढच्या महिन्यात फांद्यांचा पहिला टेम्पो आला. यंत्रावरच्या सायकली हलवल्या, निळं प्लास्टिक काढलं. नानांनी तुकड्यांची मूठ भरून गालाला लावली आणि पहिल्यांदाच दोन्ही गालांना लावली. सगळीच भट्टी कवळीवर चालते असं मी म्हणणार नाही. अजून कंत्राटदाराचे ट्रक येतात. पण आता मागणीच्या कागदावर सही करण्याआधी मी डोंगराचं नाव विचारते, आणि त्यावरून माझी साल फार जाड झाली आहे असं पुष्कळांचं मत आहे.

नाना निवृत्त झाले आणि कायमचे वाडीवर गेले. मग पावसाळ्यात फोनाची दिशा उलटली. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या वेळी माझा फोन वाजे. "बाय, डोंगर हाय जागेवर. प्रेशर किती?" मी काटा बघून "साडेदहा" म्हणे. "मग झालं," आणि फोन बंद. मी एकदा विचारलं, "नाना, तब्येत कशी आहे?" ते म्हणाले, "ते कशाला? इचारलं तेवढं सांग."

गेल्या माघात ते दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. आम्ही गेलो तेव्हा वाडी जमलेली होती आणि चितेसाठी ज्याने त्याने आपापल्या घरचं लाकूड आणलेलं होतं. कुणीतरी एक ओंडका दाते साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी तो डोळे मिटून गालाला लावला. "रडकं आहे," ते म्हणाले, आणि बाजूला ठेवून दुसरं मागून घेतलं. कुणी हसलं नाही. मला मात्र हसू आलं आणि त्याबरोबर बाकीचं सगळंच आलं.

या आषाढात तीन दिवस पाऊस लागून राहिला. सावित्री चढत होती, अर्धी पाळी घरी अडकलेली, आणि मी काट्यासमोर उभी होते. पाळी सुरू व्हायच्या वेळी फोन वाजला. पडद्यावर 'उतेकर नाना' अशी अक्षरं होती. नंबर पुसायला माझा हात झाला नव्हता. दोनदा वाजू दिला, मग उचलला.

"म्याडम, सदा बोलतोय," पलीकडून आवाज आला. मागे पावसाचा आवाज होता. "डोंगर हाय जागेवर."

तो थांबला, आणि मग आठवून आठवून म्हणावं तसं म्हणाला, "प्रेशर किती?"

"साडेदहा," मी म्हटलं.

"मग झालं," सदा म्हणाला.